चिरे आणि मासळी वाहणाऱ्या पिकअपचा हौदा मजबूत कसा करावा

हौदा खचला की पत्रा पातळ होता असं धरलं जातं, आणि जुन्या पत्र्यावर ५ मिलिमीटरची प्लेट मारून घेतली जाते. कोकणात या उपायाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं. दोन पत्र्यांच्या फटीत खारं पाणी शिरतं, ते वाळत नाही आणि जुना पत्रा आतून कुजतो. गाडीचं वजन मात्र पावणेदोनशे किलोंनी वाढलेलं असतं, आणि हौदा पुन्हा त्याच जागी बसतो.

मुळात पत्र्याने वजन पेलायचंच नसतं. त्याने ते खालच्या आडव्या चॅनलपर्यंत पोचवायचं, चॅनलने चॅसिसच्या दोन लांब बीमवर द्यायचं आणि तिथून ते पाट्यांवर (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर) आणि चाकांवर जायचं. ही साखळी जिथे तुटते तिथे हौदा खचतो. ती बहुतेक वेळा दोन चॅनलच्या मधल्या मोकळ्या जागेत तुटते, किंवा चॅनल आणि चॅसिस यांच्या जोडात.

याचा हिशेब सोपा आहे. पत्र्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा झोल आठपट कमी होतो. पण खालच्या दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं, तर पसरून ठेवलेल्या त्याच मालाखाली झोल सोळापट कमी होतो. आता वजन पाहा. हौदा २.७ बाय १.७ मीटरचा धरला तर क्षेत्रफळ ४.६ चौरस मीटर. २ मिलिमीटरचा पत्रा ४ मिलिमीटरचा केला की ७२ किलो वाढले. त्याऐवजी ७५ बाय ४० मिलिमीटर मापाचे तीन आडवे चॅनल घातले तर मीटरला साधारण ७ किलोप्रमाणे ३५ किलो वाढतात. निम्म्या वजनात दुप्पट फायदा. म्हणून आधी चॅनल, मग पत्रा.

आधी आरसी, मग वजनकाटा

हौदा कितीही मजबूत केला तरी गाडीची क्षमता वाढत नाही. आरसीवर (गाडीच्या नोंदणी पुस्तकात) भरलेल्या गाडीचं एकूण वजन लिहिलेलं असतं, ते ॲक्सल, ब्रेक, टायर आणि चॅसिस धरून ठरवलेलं असतं. हौद्यात घातलेलं प्रत्येक किलो लोखंड मालातून वजा होतं. १२० किलो लोखंड घातलं तर तेवढे चार चिरे (जांभा दगडाचे ठोकळे) प्रत्येक खेपेला खाली ठेवायचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवण्याचा खर्च गाडीवाल्याचा. हौद्याची लांबी, रुंदी किंवा फाळक्याची (उघडणाऱ्या कडेच्या भिंतीची) उंची बदलायची असेल तर गाडीत बदल करण्याबद्दलचं कलम ५२ आडवं येतं. त्यामुळे ते आरटीओत विचारल्याशिवाय करू नये. मूळ मापात राहून आतला सांगाडा दुरुस्त करणं, एवढंच या लेखात आहे.

काम सुरू करण्याआधी रिकामी गाडी काट्यावर न्या. पूर्ण वजन घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून एक, फक्त मागची ठेवून एक. हे तीन आकडे लिहून ठेवा आणि काम झाल्यावर पुन्हा घ्या.

मालाचं वजनही अंदाजाने धरू नका. जांभ्याचा चिरा खाणीप्रमाणे आणि मापाप्रमाणे बदलतो, म्हणून दहा चिरे काट्यावर टाकून सरासरी काढा. सरासरी ३० किलो आली आणि गाडीची क्षमता १,३०० किलो असेल, तर ४३ चिरे झाले, संपलं. जांभा सच्छिद्र असतो. पावसात भिजलेला चिरा उन्हात वाळलेल्यापेक्षा जड भरतो, त्यामुळे मे महिन्यातली संख्या जुलैत चालत नाही. मासळीच्या गाडीत बर्फाचं वजन धरायला लोक विसरतात. तो वितळला तरी पाणी हौद्यात साचलं असेल तर वजन तेवढंच राहतं.

आंब्याच्या पेट्यांसाठी यातलं फारसं काही करायची गरज नाही. तिथे वजनाआधी जागा संपते.

तपासणी

हौद्याखालची बाजू गोड्या पाण्याने, जोराच्या फवाऱ्याने धुवा आणि एक दिवस वाळू द्या. मग हातोडीच्या बोथट टोकाने खालून प्रत्येक चॅनल आणि पत्रा ठोकत जा. धड लोखंड टणटण वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं आणि पापुद्रे सुटतात. सगळ्यात आधी कुजतात त्या जागा ठरलेल्या आहेत: चॅनलची दोन्ही टोकं, मागच्या फाळक्याखालची पट्टी, चाकांच्या वरचा भाग आणि केबिनमागचा कोपरा जिथे पालापाचोळा अडकतो.

चॅसिस वेगळी बघा. केबिनच्या लगेच मागे, पाट्यांच्या हँगरभोवती आणि रिव्हेटच्या भोकांजवळ रंगातून तांबूस गंजाची बारीक रेघ ओघळलेली दिसली, तर तिथे तडा आहे असंच धरा. तिथली घाण ब्रशने साफ करून भिंगाने पाहा. तडा चॅसिसला असेल तर हौद्याचं काम थांबवा. ती दुरुस्ती कंपनीच्या पद्धतीनेच व्हायला हवी. नुसती वरून पट्टी मारली तर तडा पट्टीच्या कडेला सरकतो.

चॅनल किती, कुठे आणि कसे

पिकअपच्या हौद्याखाली कंपनीचे आडवे चॅनल असतात, त्यांच्या मधलं अंतर टेपने मोजा. पसरून ठेवायच्या मालाला ४०० मिलिमीटरपर्यंत चालतं. चिरे, लोखंडी सळ्या, मशीन असा टोकदार किंवा एका जागी बसणारा माल असेल तर मोकळी जागा ३०० मिलिमीटरच्या आत आणा. दोन चॅनलमधल्या प्रत्येक गाळ्यात एकेक नवा चॅनल बसतो का पाहा. जागा सगळीकडे मिळत नाही. मागच्या ॲक्सलच्या वर पाटे आणि बंप स्टॉपर (ॲक्सल वर येताना अडवणारा रबरी ठोकळा) असतात, एका बाजूला सायलेन्सर असतो. पूर्ण लोड पडल्यावर ॲक्सल वर येते तेव्हा नव्या चॅनलला काही लागणार नाही, इतकी जागा सोडा. ते मोजण्यासाठी बंप स्टॉपर आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर घ्या, त्याहून किमान २५ मिलिमीटर जास्त मोकळं ठेवा.

चॅनल ७५ बाय ४० चा घ्या, मटेरियल साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील. चौकोनी बंद पाइप वजनाला हलका आणि ताकदीला चांगला असतो, तरी किनाऱ्यावरच्या गाडीला तो नको. वेल्डिंगच्या बारीक छिद्रातून आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही आणि पाइप आतून खाल्ला जातो, बाहेरून रंग तसाच. उघडा सी-चॅनल धुता येतो, रंगवता येतो, बघता येतो. त्याचं तोंड मागच्या बाजूला ठेवा, पुढच्या बाजूला ठेवलं तर चाकांनी उडवलेला चिखल त्यात भरतो. खालच्या ओठाला (आडव्या पट्टीला) दर ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे पाणी बसत नाही.

नवा चॅनल चॅसिसच्या दोन्ही बीमवर टेकला पाहिजे. ही सगळ्या कामातली मुख्य गोष्ट आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. बऱ्याच ठिकाणी चॅनल नुसता पत्र्याला खालून चिकटवतात आणि चॅसिस व चॅनल यांच्यात बोटभर फट राहते. तो चॅनल काहीही पेलत नाही, उलट पत्र्याला लटकून त्याच्यावर भार टाकतो. पत्र्याची खालची बाजू आणि चॅसिसचा माथा यांतलं अंतर मोजा, त्यातून चॅनलची उंची वजा करा आणि उरलेल्या फटीत स्टीलची पट्टी व तिच्याखाली ६ ते ८ मिलिमीटर जाड रबर बसवा. जुन्या कन्व्हेअर बेल्टचा तुकडा यासाठी चांगला, त्यात कापडाचे थर असल्याने तो दबून पसरत नाही. नव्या आणि जुन्या चॅनलची उंची दोरी ताणून जुळवा. नवा २ मिलिमीटर उंच राहिला तरी सगळा भार तोच घेतो.

चॅसिसला वेल्डिंग करायचं नाही. बीमच्या वरच्या आणि खालच्या ओठाला तर भोकही पाडायचं नाही. ताण सगळ्यात जास्त तिथेच असतो, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने नरम झालेल्या जागेच्या कडेला काही महिन्यांनी तडा येतो. ब्रॅकेट बसवायचं तर बीमच्या उभ्या भिंतीला, शक्यतो कंपनीने आधीच पाडलेल्या भोकातून, ८.८ ग्रेडच्या एम १२ (१२ मिलिमीटर जाडीच्या) बोल्टने आणि नायलॉक नटने (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा नट). भोक मिळत नसेल तर यू-बोल्ट घ्या. पण यू-बोल्ट आवळताना सी-आकाराच्या बीमचे ओठ आत दबतात, म्हणून आत उभा ठोकळा घालावा लागतो. लाकडी ठोकळा चालतो, सायलेन्सरजवळ मात्र लोखंडीच हवा. ब्रेक पाइप आणि वायरिंग यू-बोल्टखाली चेपत नाही ना, हे हाताने चाचपून पाहा. डोळ्यांना ते दिसत नाही.

चॅसिसच्या बाहेर दोन्ही बाजूंना चॅनल साधारण ४०० मिलिमीटर अधांतरी राहतो. त्या टोकांना हौद्याच्या बाजूच्या लांब पट्टीशी जोडा, आणि त्रिकोणी ५ मिलिमीटरची गसेट प्लेट मारा. नाहीतर चिरे बाजूला रचले की टोकं खाली झुकतात आणि साईडचे फाळके बंद होईनासे होतात. फाळका अडकायला लागला तर बिजागरी ठोकत बसू नका, आधी चॅनलची टोकं तपासा.

वेल्डिंग

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत सेन्सर आणि कंट्रोल युनिट जास्त आहेत, त्यांचे प्लग मॅन्युअलप्रमाणे काढून ठेवा. वेल्डिंगची अर्थिंग क्लॅम्प जिथे टाका मारायचा त्याच्या शेजारी, लोखंड घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. ती बंपरला लावून मागे वेल्डिंग केलं तर करंट बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून वाट काढतो. डिझेल टाकी, नायलॉनच्या नळ्या आणि वायरिंगवर भिजवलेलं गोणपाट टाका. अग्निशामक आणि पाण्याची बादली हाताशी हवी, आणि एक माणूस फक्त ठिणग्यांकडे बघायला.

चॅनलला ६०१३ चा ३.१५ मिलिमीटर रॉड पुरतो, ९० ते १३० अँपिअर. पातळ पत्र्याला २.५ चा रॉड आणि ६० ते ९० अँपिअर. काही जण ७०१८ चा आग्रह धरतात. तो रॉड उत्तमच आहे, पण उघड्या पाकिटातला रॉड दमट हवा ओढून घेतो आणि ओव्हनमध्ये तापवल्याशिवाय वापरला की टाक्यात छिद्रं पडतात. भट्टी नसलेल्या शॉपमध्ये कोरडा ६०१३ बरा.

सलग टाका मारू नका, पत्रा तापून भाकरीसारखा फुगतो. ४० ते ५० मिलिमीटरचा टाका, मग १०० ते १५० मिलिमीटर मोकळं, आणि एक टाका डाव्या टोकाला तर पुढचा उजव्या. उरलेल्या फटी मोकळ्या ठेवल्या तर गंज तिथूनच सुरू होतो. रंगाच्या आधी प्रायमर मारून, त्यावर पीयू सीलंट भरा. झिंकचा मुलामा असलेला पत्रा वापरत असाल तर टाक्याच्या दोन्ही बाजूंनी २५ मिलिमीटर मुलामा घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा, जळलेल्या झिंकचा पांढरा धूर फुप्फुसाला त्रास देतो.

पत्रा, फळ्या आणि पाण्याची वाट

जुना पत्रा धड असेल तर तो तसाच राहू द्या. कुजला असेल तर पूर्ण काढून ३ मिलिमीटरचा चेकर पत्रा घाला. चौरस मीटरला साधारण २५ किलो, म्हणजे या हौद्याला ११५ किलोच्या आसपास. जुना गेला त्याचं वजन वजा होतं. पत्र्यात चॅनलच्या रेषेवर दर १५० मिलिमीटरला १२ मिलिमीटरची भोकं पाडून ती वरून वेल्डने भरा. अशाने पत्रा चॅनलला मधूनही धरला जातो आणि गाडी उसळली की खडखडत नाही.

चिऱ्याच्या गाडीला त्याच्यावर लाकडी फळ्या हव्यातच. खांद्यावरून सोडलेला ३० किलोचा चिरा कोपऱ्यावर पडला तर ३ मिलिमीटरच्या पत्र्यालाही पोचा पडतो. २० ते २५ मिलिमीटर जाडीच्या ऐन किंवा किंजळाच्या फळ्या, मध्ये १० मिलिमीटरची फट, आणि त्या खिळवून टाकायच्या नाहीत. तीन-चार फळ्यांना खालून पट्टी मारून उचलता येतील असे तुकडे करा. आठवड्यातून एकदा उचलून खालची तांबडी माती धुतली पाहिजे. ती माती ओल धरून ठेवते आणि पत्रा खालून नव्हे, वरून खाते.

मासळीच्या गाडीला लाकूड नको. ते खारं पाणी पितं, वास धरतं, आणि पत्रा कायम ओला ठेवतं. तिथे जाड रबर मॅट, तीही मोकळी. हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावरून निघालेल्या गाडीतून बर्फाचं पाणी रस्त्यावर गळत राहिलं, तर घाटाच्या वळणावर मागच्या दुचाकीसाठी तो तेलासारखा निसरडा थर होतो. त्यामुळे हौद्याला मागच्या एका कोपऱ्याकडे किंचित उतार ठेवा, तिथे २५ मिलिमीटरचं तोंड बसवून नळी टाकीत सोडा आणि टाकी गटारात नव्हे, योग्य ठिकाणी रिकामी करा. इतर गाड्यांना प्रत्येक गाळ्यात एक १२ ते १६ मिलिमीटरचं भोक पुरे. भोकाखाली पाइपचा बोटभर तुकडा जोडला की पाणी चॅनलवर न ओघळता सरळ खाली पडतं. चॅसिस, पाटे, ब्रेक पाइप आणि सायलेन्सर यांच्या वर भोक नको.

ॲल्युमिनियमचा चेकर पत्रा गंजत नाही म्हणून बरेच जण तो थेट लोखंडी चॅनलवर बसवतात. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजतं आणि बोल्टभोवती पांढरी पावडर दिसू लागते. मध्ये रबराची पट्टी आणि बोल्टला नायलॉनचं बुश घाला. स्टेनलेस पत्र्याला साधा लोखंडी रिव्हेट मारला तर रिव्हेट आधी जातो.

पुढची भिंत आणि फाळके

केबिनमागच्या भिंतीकडे दुर्लक्ष होतं, आणि आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरताना सगळा माल तिच्यावर येतो. जोराचा ब्रेक लागला की १,३०० किलोचा माल पुढे साधारण एक टनाच्या जोराने ढकलतो. म्हणून ५० बाय ५० बाय ५ चे तीन उभे अँगल लावा, त्यांची खालची टोकं पत्र्याला न जोडता पहिल्या आडव्या चॅनलला जोडा. दोरी आणि बेल्ट बांधायच्या कड्याही चॅनललाच, पत्र्याला नाही.

मागच्या फाळक्याला तीन बिजागऱ्या, पिन १६ मिलिमीटरची. फाळका खाली सोडून त्यावर चिरे ठेवायची सवय मोडा, बिजागरी त्यासाठी नसते.

गंजाशी लढाई

कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बाकीचे आठ महिने खारी हवा. हौदा भाराने मोडतो त्याआधी तो मिठाने मोडतो, म्हणून रंगाच्या कामाला वेल्डिंगइतकाच वेळ द्या. हे काम नोव्हेंबर ते मेमध्येच करा. पावसाळ्यात लावलेला प्रायमर ओल आत कोंडतो आणि दिवाळीपर्यंत फुगे धरतो.

नव्या चॅनलवरची निळसर काळी साल ग्राइंडरने काढा, ती राहिली तर रंगासकट सुटते. घासल्यावर गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढा. हे धुणं टाळून वर कितीही महाग रंग मारला तरी मीठ खालून पाणी ओढतंच. पूर्ण वाळवा, आणि त्याच दिवशी पहिला हात मारा. किनाऱ्याजवळ घासलेलं लोखंड रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी तांबूस झालेलं असतं. सकाळी दवामुळे लोखंड थंड आणि ओलसर असतं, म्हणून दहाच्या आधी ब्रश हातात घेऊ नका. झिंक फॉस्फेट असलेल्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, कडा आणि टाक्यांवर आधी ब्रशने एक जादा हात, मग वरचा रंग. नुसता रेड ऑक्साइड घराच्या जाळीला ठीक, मासळीच्या गाडीला अपुरा. डांबरी किंवा रबरी अंडरकोट सगळ्यात शेवटी आणि फक्त धड प्रायमरवर. गंजावर फासलेला अंडरकोट गंज लपवतो, थांबवत नाही.

जुनं इंजिन ऑइल खालून मारायची पद्धत सोडा. रबरी बुश आणि माउंटिंग त्याने फुगून सैल होतात, आणि पावसात ते रस्त्यावर उतरतं.

जादा पाटा घालावा का

हौदा मजबूत झाला की लगेच हा विचार येतो. जादा पाट्याने गाडीचा मागचा भाग बसलेला दिसत नाही, बाकी काही बदलत नाही. ॲक्सलचं बेअरिंग, ब्रेक आणि टायर तेच राहतात. टायरवरचा लोड इंडेक्स वाचा: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०८ म्हणजे १,०००. दोन मागच्या टायरची बेरीज काट्यावरच्या मागच्या ॲक्सलच्या आकड्याशी ताडून पाहा.

आणखी एक धोका फारसा कोणी सांगत नाही. ज्या गाडीत मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला भारानुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह असतो, तो हौदा किती खाली आला यावरून भार ओळखतो. जादा पाट्याने हौदा खाली येतच नाही, व्हॉल्व्ह गाडी रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी देतो. घाटात भरलेली गाडी मग पुढच्या ब्रेकवरच उतरते आणि ते तापतात. पाटे बदलले तर व्हॉल्व्ह सेट करून घेतल्याशिवाय माल भरू नका.

माल भरताना

जड माल केबिनच्या भिंतीपासून मागे, एकसारख्या थरात रचा, जास्तीत जास्त भार मागच्या ॲक्सलच्या पुढे राहिला पाहिजे. तीन मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) गाडीत ॲक्सलच्या एक मीटर मागे ३०० किलो ठेवले, तर पुढच्या चाकांवरचे १०० किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं आणि पावसात वळणावर गाडी सरळ जायला बघते.

पहिली भरलेली खेप झाली की सगळे यू-बोल्ट आणि ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळा, एम १२ ला साधारण ८० न्यूटन मीटर. ५०० किलोमीटरनंतर परत एकदा, कारण रबर बसतं. आवळून झाल्यावर नटवरून चॅनलवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की तो बोल्ट फिरला. मासळीची गाडी रोज संध्याकाळी खालून धुवा, चिऱ्याची आठवड्याला, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आधी, हातोडी घेऊन पुन्हा एकदा खाली जा.